घोषणा तोंडपाठ, माणसं विस्मरणात

ऑगस्ट महिना उजाडला की आपल्या मोबाइलमध्ये एक ठरावीक गोष्ट सुरू होते. मोहल्ल्याच्या ग्रुपवर, खानदानाच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तिरंग्याच्या पट्ट्या असलेली पोस्टर्स फिरू लागतात. एका बाजूला एखाद्या बुजुर्गाचा जुना फोटो, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात एक वाक्य आणि खाली 'हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, पुढे पाठवा.' आपणही पाठवतो. मुलांना शाळेत भाषण करायचं असतं, फलक लिहायचा असतो, तेव्हा हेच पोस्टर वहीत उतरतं.

या पोस्टर्समध्ये एक मजकूर तर इतका जुना झालाय की पाठवणाऱ्यालाही तो पाठ असेल. दिल्लीच्या इंडिया गेटवर म्हणे ९५ हजार ३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली आहेत आणि त्यातली ६१ हजारांहून जास्त मुसलमानांची आहेत. ऐकायला छान वाटतं, छाती फुगते. पण हे खोटं आहे. साफ खोटं. इंडिया गेट हे स्वातंत्र्यसैनिकांचं स्मारकच नव्हे. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने लढताना मेलेल्या हिंदी सैन्यातल्या जवानांसाठी इंग्रज सरकारनेच ते बांधलं. त्यावर कोरलेली नावं साधारण १३ हजार ३०० आहेत, ९५ हजार नाहीत. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध आपले लोक लढले, त्याच सरकारच्या फौजेच्या स्मारकावर आपण आपल्या लढवय्यांची नावं शोधतोय.

व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडिया गेटचं उद्घाटन केलं ती तारीख होती १२ फेब्रुवारी १९३१. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १२ जानेवारी १९३१ रोजी, पुण्याच्या येरवडा तुरुंगात याच इंग्रज सरकारने सोलापूरच्या चार जणांना फाशी दिली होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. इंडिया गेटचा खोटा आकडा महाराष्ट्रातल्या हजारो मुस्लिम घरांत पोहोचला आहे. कुर्बान हुसेन यांचं नाव मात्र सोलापूर सोडलं तर किती घरांत माहीत आहे? हाताची बोटं पुरतील, असं मला वाटतं.

हा प्रश्न फक्त इतिहासाच्या आवडीचा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत पुस्तकांतून आणि याद्यांतून नावं गळायला लागली आहेत, हे आपण पाहतोय. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात संविधान सभेच्या समित्यांचं अध्यक्षपद भूषवणाऱ्यांच्या ओळीतून मौलाना आझादांचं नाव वगळलं गेल्याचं समोर आलं. त्याआधी २०२१ मध्ये भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या एका समितीने हुतात्म्यांच्या कोशातून मलबारच्या १९२१ च्या उठावातली ३८७ नावं काढण्याची शिफारस केली. त्यात वारियमकुन्नत कुंजहमद हाजी आणि अली मुसलियार यांचीही नावं होती. मलबारच्या उठावाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, तो वाद जुना आहे. पण वादाचा निकाल यादीतून नावं पुसून लावायचा ही पद्धत नवीन आहे.

अशा वेळी आपण काय करतो? खोट्या आकड्यांची पोस्टर्स फिरवतो. समोरचा माणूस एक आकडा खोटा आहे हे पाच मिनिटांत सिद्ध करतो आणि मग त्याच झटक्यात कुर्बान हुसेनही खोटे ठरतात. नुकसान कुणाचं झालं? ज्या मुलीने वर्गात उभं राहून तो आकडा सांगितला आणि हसं करून घेतलं, तिचं. आणि ज्याने फाशी घेतली, त्याचं.

'ही' या एका अक्षराबद्दल

मराठीत एक छोटं अव्यय आहे, 'ही'. 'स्वातंत्र्यलढ्यात मुसलमानांचंही योगदान होतं.' हे वाक्य आपल्या जलशांमध्ये, सत्कारात, अगदी मुस्लिम संस्थांच्या स्मरणिकांमध्ये वर्षानुवर्षं येतं. वक्ता कौतुकाने बोलतो, आपण टाळ्या वाजवतो. पण त्या 'ही'मध्ये माणूस दाराबाहेर उभा राहतो आणि मग कुणीतरी त्याला आत बोलावतं. मूळ घर दुसऱ्याचं आणि आपण पाहुणे.

आता या देशातल्या सगळ्यांत गाजलेल्या घोषणा आठवून पाहा. 'सायमन गो बॅक.' 'क्विट इंडिया', म्हणजे आपलं 'चले जाव' किंवा 'भारत छोडो'. 'इन्किलाब जिंदाबाद.' 'जय हिंद.' यातल्या पहिल्या दोन मुंबईच्या एका खोजा घरातल्या तरुणाच्या नावावर आहेत. तिसरी उत्तर प्रदेशातल्या मोहान गावच्या एका मौलानांची. चौथीचं श्रेय हैदराबादच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला दिलं जातं. या घोषणा ज्यांच्या तोंडातून निघाल्या त्यांच्यासाठी 'ही' लावायची गरजच नाही. लढ्याची भाषाच त्यांनी घडवली.

पण घोषणेचं असं असतं की ती जितकी यशस्वी होते तितका तिचा कर्ता मागे पडतो. लाखो लोकांच्या तोंडी गेलेलं वाक्य कुणा एकाचं राहत नाही. कवितेखाली नाव असतं, लेखाखाली नाव असतं, मोर्चातल्या घोषणेखाली सही नसते. त्यामुळे घोषणा देणाऱ्यांना विसरणं सगळ्यांत सोपं.

युसूफ मेहरअली

१९०३ साली २३ सप्टेंबरला मुंबईत एका सधन घरात जन्म. कापड गिरणी चालवणाऱ्यांचं खानदान. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, मग कायद्याची पदवी घेतली. पण राजकीय चळवळीमुळे त्यांना वकिलीची सनदच नाकारली गेली. घरच्यांनी ज्या आयुष्याचं स्वप्न पाहिलं असेल ते तिथेच संपलं.

१९२८ मध्ये त्यांनी मुंबईत यूथ लीग उभी केली. त्या वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईच्या बंदरावर उतरलं. सात सदस्य, सगळे गोरे, आणि हिंदुस्थानला किती अधिकार द्यायचे हे ठरवायला निघालेले. मेहरअली आणि त्यांचे साथीदार हमालांच्या वेशात बंदरापर्यंत पोहोचले, काळे झेंडे दाखवले, लाठ्या खाल्ल्या, अशी हकिकत सांगितली जाते. 'सायमन गो बॅक' ही घोषणा तिथून देशभर गेली. तीन शब्द. इंग्रजीतली. कारण ज्याला ऐकवायची त्याला कळली पाहिजे.

मग १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत ते होते, जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन यांच्या बरोबरीने. 'व्हॅनगार्ड' नावाचं नियतकालिक त्यांनी चालवलं. १९४२ मध्ये मुंबईचे महापौर झाले. नाव पुढे आलं तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. तुरुंगातून थेट महापौरपदाच्या खुर्चीवर, आणि काही महिन्यांत पुन्हा तुरुंगात. एकूण आठ वेळा कारावास झाला.

'क्विट इंडिया'ची गोष्ट मला इथे जरा सविस्तर सांगायची आहे, कारण निवड कशी करावी याचं ते फार चांगलं उदाहरण आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात इंग्रजांना काय सांगायचं यावर गांधीजींच्या बैठकीत चर्चा झाली. कुणीतरी 'गेट आउट' सुचवलं. गांधीजींना ते उद्धट वाटलं. राजाजींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' असे शब्द पुढे केले, तेही जमले नाहीत. मेहरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिलं होतं, त्यावर 'क्विट इंडिया' कोरलेलं होतं. गांधीजींनी त्यावर 'आमेन' म्हटलं. ही आठवण शांतीकुमार मोरारजी यांची आहे आणि ती के. गोपालस्वामी यांच्या मुंबई आणि गांधीजींवरच्या पुस्तकात नोंदवलेली आहे.

आता कुणी म्हणेल, ही तर एका माणसाची आठवण. बरोबर आहे. आठवण आणि कागद यात फरक असतो. पण या आठवणीला दुसरा आधार आहे. त्याच वर्षी मेहरअलींची 'क्विट इंडिया' याच नावाची एक पुस्तिका मुंबईच्या पद्मा प्रकाशनाकडून आली होती. घोषणेचे बिल्लेही त्यांनी तयार करून घेतले होते. एक आठवण, एक छापील पुस्तिका. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. म्हणून हे श्रेय आपण ठामपणे सांगू शकतो. कुणी आक्षेप घेतला तर आवाज चढवायची गरज पडत नाही, कागद पुढे ठेवता येतो.

८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे धरपकड झाली. मेहरअलीही आत गेले. तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने बाहेरच्या इस्पितळात खास उपचारांसाठी हलवायची तयारी दाखवली. त्यांनी विचारलं, माझ्याबरोबर आजारी असलेल्या आणखी दोन कैद्यांचं काय? त्यांना ती सवलत नव्हती. मग मलाही नको, म्हणाले. तब्येत त्यानंतर कधी धड झालीच नाही. २ जुलै १९५० ला, वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मुंबईतल्या बस, ट्राम, लोकल काही मिनिटं जागच्या जागी थांबल्या होत्या. डोंगरीच्या खोजा कब्रस्तानात ते दफन आहेत.

त्यांच्या नावाचा रस्ता मशीद बंदरला आहे. रोज हजारो हातगाड्या, टेम्पो तिथून जातात, दुकानांच्या पाट्यांवर पत्ता म्हणून ते नाव असतं. पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर तारा गावी त्यांच्या नावाचं केंद्र १९६० च्या दशकापासून ग्रामीण भागात काम करतंय. ते उभं करणारे डॉ. जी. जी. पारीख शंभरी गाठलेले समाजवादी होते. म्हणजे मेहरअलींची आठवण ज्यांनी जपली ते बहुतेक समाजवादी आणि गांधीवादी कार्यकर्ते. आपल्या समाजाने? आपण त्यांना फारसं जवळ केलं नाही, हे कबूल करायला हवं.

का केलं नाही? माझ्या मते कारण सरळ आहे. ते मौलाना नव्हते. कुठल्या जमातीचे नेते नव्हते. मुसलमानांचे पुढारी म्हणून राजकारणात आलेच नाहीत, मुंबईचे आणि देशाचे म्हणून आले. सरकारी इतिहास त्यांना थोडक्यात उरकतो आणि आपला समाज 'आपल्यातले' म्हणून मोजत नाही. दोन्हीकडून नाव गळतं. शाहीर अमर शेखांचंही तसंच. बार्शीचे महबूब हुसेन पटेल, गिरणी कामगारांच्या संघटनेतून पुढे आले, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक गाजवलं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये त्यांचा आवाज म्हणजे हजारोंची गर्दी. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात आपल्या किती शाळांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं? ते कम्युनिस्ट होते, एवढ्या एका गोष्टीवर आपण त्यांना ओलांडून पुढे गेलो. माणूस नमाजी होता की नव्हता हा हिशेब अल्लाहचा. चौकात उभं राहून लढला की नाही, एवढं आपल्याला पाहता येतं.

मौलाना आणि त्यांची बेगम

हसरत मोहानींचं नाव निदान गझलेमुळे तरी लोकांना ठाऊक आहे. पण तिथेच सगळं थांबतं. अलिगढला शिकलेला हा माणूस १९०३ पासून 'उर्दू-ए-मुअल्ला' काढत होता. १९०८ मध्ये त्यात इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख छापला गेला. सरकारने विचारलं, लेखक कोण? हसरतांनी नाव सांगितलं नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली, सक्तमजुरी भोगली, जेलमध्ये चक्की पिसली. दंडापायी त्यांच्या पुस्तकांचा लिलाव झाला.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची. हसरत टिळकांना आपला राजकीय गुरू मानत. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांबरोबर बाहेर पडले. आपल्याकडे टिळकांच्या अनुयायांची यादी सांगताना त्यात एक मौलाना होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

१९२१ ला अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. तोच मुद्दा काँग्रेसने लाहोरला १९२९ मध्ये स्वीकारला. आठ वर्षं लागली. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा त्याच १९२१ च्या सुमारास हसरतांनी दिली असं मानलं जातं. ती घराघरांत नेली भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी, ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या असेंब्लीत. इथे आपल्याकडे एक हट्ट दिसतो. कुणी भगतसिंगांचं नाव घेतलं की आपण लगेच 'नाही, ती घोषणा आमच्या मौलानांची' म्हणून भांडायला उठतो. कशाला? एका मौलानाचे शब्द एका शीख तरुणाने मरणाच्या दारात उच्चारले, यात कुणाचं श्रेय कमी होतं?

हसरत १९४६ नंतर संविधान सभेत होते, पण तयार झालेल्या संविधानावर त्यांनी सही केली नाही. हेही सांगायला हवं. पोस्टरवर बसावा म्हणून माणूस तासून गुळगुळीत करायचा नसतो.

आणि निशातुन्निसा बेगम. नवरा जेलमध्ये असताना घर आणि चळवळीचं काम या बाईंनी पेललं, परद्याचा जमाना असूनही सार्वजनिक कामात उतरल्या. त्यांच्या नावाचं पोस्टर मी आजवर पाहिलेलं नाही.

'जय हिंद'बद्दल थोडक्यात. आबिद हसन सफरानी हे हैदराबादचे, शिकायला जर्मनीत गेले आणि तिथे सुभाषबाबूंना भेटून शिक्षण सोडून त्यांचे सचिव झाले. १९४३ मध्ये पाणबुडीतून जर्मनीहून पूर्वेकडे निघालेल्या सुभाषबाबूंसोबत सुमारे तीन महिन्यांच्या त्या प्रवासात असलेले एकमेव हिंदी साथीदार हेच. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र सेवेत राजदूत झाले. 'जय हिंद'चं श्रेय त्यांना दिलं जातं, काही जण ते चंपकरामन पिल्लई यांना देतात. पोस्टर करताना 'श्रेय दिलं जातं' एवढं लिहिलं तरी पुरे. त्याने सफरानी लहान होत नाहीत. पाणबुडीतले तीन महिने कुणी काढून घेऊ शकत नाही.

ज्यांचं एकही वाक्य उरलं नाही

आता खरी अडचण. मेहरअलींकडे घोषणा आहे, हसरतांकडे घोषणा आहे, आझादांकडे भाषणं आहेत. १९२३ साली दिल्लीच्या खास अधिवेशनात, पस्तिशीच्या आझादांनी अध्यक्ष म्हणून सांगितलं होतं की आसमानातून फरिश्ता उतरून हिंदू-मुस्लिम एकी सोडण्याच्या बदल्यात चोवीस तासांत स्वराज्य देऊ लागला तर मी स्वराज्य सोडेन, एकी सोडणार नाही. हा त्याचा मतलब आहे, शब्दशः नाही. असं बोलणाऱ्याला लक्षात ठेवणं सोपं.

पण कुर्बान हुसेन काय बोलले होते? गिरणीत काम करणारा ऐन तारुण्यातला मुलगा, कामगारांसाठी 'गझनफर' नावाचं पत्र काढणारा. गझनफर म्हणजे सिंह. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, पोलीस चौकीवर हल्ला झाला, इंग्रज अधिकारी शहर सोडून गेले आणि काही दिवस सोलापुरात त्यांचं राज्य उरलं नाही. मग मार्शल लॉ आला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांना फासावर चढवलं. चौघं चार समाजांतले. त्यांची कुठलीही घोषणा पोस्टरवर येत नाही, म्हणून त्यांचं पोस्टरही होत नाही.

वाक्य नसेल तर माणूस नाही, अशी आपली सवय झाली आहे. आणि मग वाक्य तयार केलं जातं. डॉ. अब्दुल कलामांच्या नावावर किती न बोललेली वाक्यं फिरतात, याची तर गणतीच नाही. कलामांचं ठीक आहे, त्यांचं बाकीचं काम डोंगराएवढं आहे. पण ज्यांच्याबद्दल मुळात कागद थोडे आहेत, त्यांच्या बाबतीत ही सवय घातक ठरते.

फातिमा शेख यांचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की फातिमा शेख हे पात्र मीच रचलं, अशी बाई झालीच नाही. दोन दिवस आपल्या ग्रुपवर नुसता संताप होता. संताप ठीकच, कारण दावा टिकणारा नव्हता. सावित्रीबाईंनी नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे लांब असल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेलं आहे, मंडल यांच्या पोस्टच्या कितीतरी आधी. बाई होती, फुल्यांच्या शाळेच्या कामात होती, आणि सावित्रीबाईंचा तिच्यावर भरवसा होता. बस, एवढं पक्कं आहे.

पण आपण त्यावर काय काय चढवलं होतं? ९ जानेवारी १८३१ ही नेमकी जन्मतारीख. 'पहिली मुस्लिम शिक्षिका' हा किताब. तोंडी घातलेली वाक्यं. २०२२ ला गुगलने त्या तारखेला चित्र लावलं तेव्हा ही तारीख जणू जन्मदाखल्यावरची असल्यासारखी पक्की झाली. नंतर हल्ला झाला तो याच कमकुवत भिंतीवर. एका खऱ्या पत्राच्या एका ओळीत जी ताकद होती, ती दहा सजवलेल्या वाक्यांमध्ये नव्हती. मला तर ती ओळच फार मोठी वाटते. सहकारी बाई मागे एकटीने शाळा सांभाळतेय, त्रास होत असेल, पण बोलणार नाही. शिक्षिका असलेल्या आपल्या कुठल्याही बहिणीला विचारा, तिला यातलं सगळं कळेल.

मग पोस्टरसाठी निवडायचं काय? आपल्या शाळांत, अंजुमनच्या कार्यक्रमांत, मशिदीच्या कमिटीने लावलेल्या फलकांवर? माझं म्हणणं असं की वाक्य निवडताना तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे कुणी, कधी, कुठे म्हटलं, हे सांगता येतंय का? म्हणणाऱ्याने त्याची काही किंमत मोजली का? आणि हे वाक्य शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती मुलालाही स्वतःचं वाटेल का? 'सायमन गो बॅक' तिन्हींत बसतं. आपल्या फलकांवरची बरीच वाक्यं पहिल्याच प्रश्नाला अडतात. तिसऱ्या प्रश्नावर काही जण नाराज होतील, मला ठाऊक आहे. आधी आपल्या मुलांना आपले लोक कळू देत, असं ते म्हणतील. पण मेहरअली, हसरत, अमर शेख यांच्यापैकी कुणीही फक्त आपल्या लोकांसाठी बोललं नव्हतं. त्यांना आपण लहान खोलीत का बसवायचं?

आणि जिथे वाक्य नाही तिथे काम लिहावं. तारखा लिहाव्या. त्यासाठी फार लांब जायला नको. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले होते. कोकणात, मराठवाड्यात, सोलापूर-कोल्हापूरकडे अनेक जुन्या मुस्लिम घरांत असा एखादा ताम्रपट पेटीत नाहीतर भिंतीवर असेल. त्यावर नाव आहे. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश काढले, त्यात गाव, शिक्षा, तुरुंग यांच्या नोंदी आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे जुने पोलीस अहवाल वाचायला मिळतात. गंमत म्हणजे इंग्रजांच्या खुफिया खात्याने आपल्या माणसांची दखल आपल्यापेक्षा जास्त नेमकेपणाने घेतली होती. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी एका सुट्टीत आपल्या तालुक्याची अशी पाच नावं जरी शोधली, तरी मोहल्ल्याच्या फलकाला वर्षभर पुरतील. ज्या दादाजान-नानाजानला जेल झाली त्यांच्या आठवणी घरात कुणी ना कुणी सांगत असतं. त्या आत्ताच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवाव्या, कारण सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे.

येत्या १२ जानेवारीसाठी मी एक फलक लिहून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर घ्यावा. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, सोलापूर. गिरणी कामगार, 'गझनफर'चे संपादक. धनशेट्टी, सारडा आणि शिंदे यांच्यासोबत येरवडा तुरुंगात फाशी, १९३१. खाली अवतरणचिन्हात काहीही नाही.